कॅसिओतली सनई

आमच्या अर्धापुरात कोणत्याही कीबोर्डला कॅसिओच म्हणतात. त्यावर नाव यामाहाचे असो, रोलंडचे असो की कॉर्गचे. वनस्पती तुपाला जसा डालडा, तसा कीबोर्डला कॅसिओ. "कॅसिओवाले सर आले का?" अशीच विचारणा होते. पेशाने मी शिक्षक. पण लग्नसराईत ऑर्केस्ट्राबरोबर, सप्ताहात भजनी मंडळाबरोबर आणि एप्रिलमध्ये भीमगीतांच्या कार्यक्रमांत गेली बरीच वर्षे मी कीबोर्ड वाजवत आलो आहे. त्यामुळे कोणते यंत्र घ्यावे, कोणता साउंड मॉड्यूल जोडावा, इफेक्ट किती ठेवावा, हे विचारायला परिसरातली मुले माझ्याकडे येतात. त्यांना मी जे तुकड्यातुकड्याने सांगत आलो, ते एकदा सलग मांडावे म्हणून हा लेख. निमित्त मात्र एका लग्नाचे आहे.

त्या लग्नात वधूपित्याने बोलणी करताना मला विचारले, "सर, तुमच्या कॅसिओत सनई हाय ना? मग सनईवाले येगळे कामून बोलवायचे?" प्रश्न हिशेबाचा होता आणि हिशेब चूक नव्हता. मांडव, केळीच्या उत्पन्नावर काढलेले कर्ज, जेवणावळ, यांत वाजंत्र्यांचे पैसे वाचत होते. मी हो म्हणालो. मुहूर्ताच्या आधी तासभर मी कीबोर्डवर सनई वाजवली. एरवी जे सनईवाले मामा आमच्या भागातल्या लग्नांत वाजवायचे, ते त्या दिवशी पाहुणे म्हणून पंगतीला आले होते. हात धुऊन ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सूर बरोबर हायेत पोरा. पण तू दम कुठं घेतलास, तेच कळंना."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एका वादकाने दुसऱ्याला विचारलेली ती शंका होती. तिचे उत्तर शोधता शोधता साउंड मॉड्यूल म्हणजे नेमके काय, तो काय देऊ शकतो आणि काय नाही, याचा मला पहिल्यांदा नीट विचार करावा लागला.

एका वाद्याच्या जागी दुसरे

यंत्राने दुसऱ्या वाद्याची जागा घेणे आपल्याकडे नवे नाही. आज जिला आपण अस्सल देशी मानतो ती पेटीच मुळात युरोपातून आली. अलेक्सांद्र दबें या फ्रेंच कारागिराने १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते पायाने भाता मारायचे वाद्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात ते हाताने भाता मारण्याजोगे झाले आणि जमिनीवर बसून वाजवता येऊ लागले. गायकामागे धरलेल्या सारंगीची जागा पेटीने हळूहळू घेतली. पेटीत मींड निघत नाही, तिचे स्वर पक्के असतात, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती बंदी सैल व्हायला १९७० चे दशक उजाडावे लागले. तोवर पेटी गावोगावच्या भजनात, कीर्तनात, कव्वालीत आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात इतकी मुरली होती की तिच्यावाचून ही गाणी लोकांना आठवेनाशी झाली होती. कीबोर्डवर आज घेतला जाणारा प्रत्येक आक्षेप पेटीने आधी सोसलेला आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

विजेच्या वाद्याने दुसऱ्याची जागा घेतल्याचे आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातले. हेमंतकुमार यांच्या संगीतातली ती बीन म्हणजे गारुड्याची पुंगी नव्हे. कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली आणि रवी यांनी तिला हार्मोनियमची जोड दिली. क्लॅव्हिओलिन हे कॉन्स्तां मार्तां या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये काढलेले छोटे विद्युत वाद्य. ते एका वेळी एकच स्वर काढू शकत असे. पियानोवाल्याला ही उणीव वाटेल. पुंगीच्या बाबतीत मात्र तीच सोयीची ठरली. पुंगीची चालही एकेका स्वरानेच पुढे सरकते. शिवाय आवाज कमीजास्त करायला क्लॅव्हिओलिनला गुडघ्याने ढकलायची दांडी होती, म्हणजे वाजवताना स्वर फुगवता येई. बीन खरी वाटली ती आवाजाच्या हुबेहूबपणामुळे कमी आणि वाजवण्याच्या या रीतीमुळे जास्त.

पुढे १९७० च्या दशकात केर्सी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. १९८२ मध्ये चरणजितसिंग या चित्रपटसृष्टीतल्याच वादकाने रोलंडची तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्यांतल्या टीबी-३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. ती मुळात बास गिटारची नक्कल करण्यासाठी ठेवलेली. चरणजितसिंगांनी ती रागाच्या कामी लावली. या दोन्ही उदाहरणांत वादकाने यंत्राला आधी पारखले, त्याच्या मर्यादेत काय बसते ते पाहिले आणि मग जागा भरली. साउंड मॉड्यूल निवडतानाचा पहिला धडा मला इथे दिसतो.

एकशे अठ्ठावीस आवाजांची यादी

साउंड मॉड्यूल म्हणजे पट्ट्या नसलेला कीबोर्ड. पेटीएवढा किंवा त्याहून लहान डबा. त्यात आवाज साठवलेले असतात. पट्ट्या दुसऱ्या वाद्याच्या, आवाज या डब्याचा. या दोघांना बोलते करणारी भाषा म्हणजे मिडी. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडता यावीत म्हणून अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती ठरली आणि १९८३ मध्ये अमलात आली. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली, केव्हा सोडली, एवढाच निरोप जातो. बोलीभाषेत सांगायचे तर तारेतून चिठ्ठी जाते आणि पलीकडचा डबा ती आपल्या आवाजात वाचून दाखवतो. म्हणून एकच चिठ्ठी एका डब्यात गोड आणि दुसऱ्यात केविलवाणी ऐकू येते.

प्रत्येक कंपनीने आवाजांचे क्रमांक आपल्या मनाने लावल्यामुळे गोंधळ व्हायचा. तो मिटवण्यासाठी १९९१ मध्ये 'जनरल मिडी' नावाची सामाईक यादी ठरली. तिच्यात १२८ आवाज आहेत. मिडीत एक आकडा सात बिटांत मावतो आणि सात बिटांत १२८ च किमती बसतात, म्हणून १२८. पहिल्या क्रमांकावर पियानो. एकविसाव्यावर रीड ऑर्गन, त्यापुढे अकॉर्डियन, माउथ ऑर्गन. १०५ ते ११२ या आठ जागा जगभरातल्या 'इतर' वाद्यांना दिल्या आहेत. त्यांत १०५ वर सतार आहे आणि शेवटच्या, ११२ व्या जागेवर सनई.

वधूपित्याचे म्हणणे खरे होते. कॅसिओत सनई होती; ती मुळी जागतिक यादीतच होती. पण ही यादी पुढे वाचत गेलो की मन थबकते. १२४ वर पक्ष्याची किलबिल आहे, १२५ वर टेलिफोनची घंटी, १२६ वर हेलिकॉप्टर, १२८ वर बंदुकीची गोळी. पण आपली पेटी नाही, बासरी आहे ती पाश्चात्त्य, आणि तालवाद्यांच्या ४७ आवाजांच्या वेगळ्या संचात बोंगो, कोंगा, माराकास आहेत. तबला, ढोलकी, पखवाज, संबळ, हलगी यांपैकी एकही नाही. यादी करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या बाजारापुरते पाहिले. परंतु यादी एकदा ठरली की जे तिच्यात असते ते 'आहे' आणि जे नसते ते 'नाही', असे कान मानू लागतात. गावातली मुले यंत्र विकत घेतात तेव्हा आवाजांची संख्या विचारतात: पाचशे आहेत की हजार? मी त्यांना उलटे विचारतो: तुझ्या कार्यक्रमात लागणारे बारा आवाज कोणते, ते आधी कागदावर लिही. मग ते बारा या यंत्रात कसे आहेत ते ऐक.

ही उणीव कंपन्यांनाही पुढे कळली. यामाहाने पीएसआर मालिकेत भारतासाठी म्हणून आय-४२५, आय-४५५, आय-५०० अशी मॉडेले काढली, रोलंडने २०१३ मध्ये भारतीय आवाज असलेला एक्सपीएस-१० आणला. त्यात हार्मोनियम आली, तबला आला, तंबोरा आला. ठेक्यासाठी ऑक्टोपॅड आहेच. आठ रबरी चौकोनांवर काठीने वाजवायचे हे यंत्र आज मराठवाड्यातल्या कोणत्याही ऑर्केस्ट्राचे अर्धे अंग झाले आहे. तरी संबळ आणि हलगी बहुतेकांना स्वतःच भरून घ्यावी लागते. आणि इथूनच खरा प्रश्न सुरू होतो, कारण आवाज भरून घेणे म्हणजे काय हे समजल्याशिवाय मॉड्यूल पारखता येत नाही.

नमुना कसा बोलतो

आजच्या मॉड्यूलमधले बहुतेक आवाज नमुन्यांवर चालतात. खऱ्या वाद्याचा एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून साठवायचा आणि पट्टी दाबली की तो वाजवायचा. स्वस्त यंत्रात जागा वाचवण्यासाठी तीन-चार स्वरांचेच नमुने घेतात आणि मधले स्वर त्यांनाच वर-खाली ताणून काढतात. नमुना वर ताणला की आवाज चिरका होतो, खाली ओढला की जाडा आणि मंद होतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: सगळ्या पट्ट्या एकामागून एक सावकाश दाबत जावे. जिथे आवाजाचा पोत एकदम बदलतो, तिथे एक नमुना संपून दुसरा सुरू झालेला असतो. असे सांधे फार ऐकू येत असतील तर तो आवाज सोडून द्यावा.

दुसरी परीक्षा तालवाद्यांची. तबल्याचा 'ना' आठ वेळा भराभर वाजवून पाहावा. खरा तबलजी दोन 'ना' कधीच सारखे वाजवत नाही. बोट केसभर इकडे-तिकडे पडतेच. एकच नमुना आठदा वाजला की शिवणयंत्र चालल्यासारखे वाटते. चांगल्या यंत्रात एकाच बोलाचे अनेक नमुने आळीपाळीने वाजतात आणि जोराप्रमाणे नमुनाही बदलतो.

तिसरी परीक्षा स्वर धरून ठेवण्याची. नमुना काही क्षणांचाच असतो. त्यातला मधला तुकडा फिरवून फिरवून तो लांबवलेला असतो. पट्टी दहा सेकंद दाबून धरली की तो फेरा ऐकू येतो. तंबोऱ्याला हे चालते, कारण त्याचे कामच फिरत राहण्याचे आहे. व्हायोलिनच्या ताफ्याला चालते, कारण दहा जणांच्या गजांत एकाचा श्वास शोधायला कुणी जात नाही. पेटीला बऱ्यापैकी चालते. फक्त भात्याचा चढउतार आणायला पायाखाली एक्स्प्रेशन पेडल हवे. ते नसेल तर कॅसिओची पेटी भात्याशिवाय वाजल्यासारखी, सपाट लागते. दोन-तीन हजारांचे हे पेडल महागड्या मॉड्यूलपेक्षा जास्त फरक पाडते, हा माझा अनुभव आहे.

आणि सनई? तिथे मामांची शंका उभी राहते. सनईत पत्ती ओठांत असते. फुंकेचा जोर आणि ओठांची पकड बदलली की स्वर हलतो. भोक बोटाने अर्धे उघडले की दोन स्वरांच्या मधल्या जागा मिळतात. सनईचा गंधार हा एक बिंदू नसतो, तिथवर जाण्याची ती एक वाट असते. कीबोर्डवर ही वाट काढायची तर डाव्या हाताशी असलेली पिच बेंडची दांडी वापरावी लागते. यंत्र हातात येते तेव्हा ती सहसा दोन अर्धस्वरांपुरतीच वाकते. षड्जापासून पंचमापर्यंत सात अर्धस्वर होतात. ती मर्यादा वाढवता येते, पण मग हाताच्या जरा हलण्यानेही सूर घसरतो. शिवाय दांडी एका वाहिनीवरच्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवते. सनईच्या जोडीला असतो तसा षड्ज धरून ठेवणारा 'सूर' त्याच वाहिनीवर घेतला तर तोही सनईबरोबर वाकतो. त्याला दुसरी वाहिनी द्यावी लागते. एवढे सगळे करून स्वर बरोबर लागले, तरी वाक्याच्या शेवटी छाती रिकामी होऊन सुराला जो किंचित थकवा येतो तो येत नाही. माझ्या बोटांना दम लागत नव्हता. त्यामुळे मी थांबायला हवे तिथे थांबत नव्हतो. मामांना नेमके तेच ऐकू आले होते.

शेजाऱ्याशी सूर जुळवणे

मॉड्यूल निवडताना आवाजाइतकाच सूर जुळवण्याच्या सोयीचा विचार हवा. आपला गायक 'काळी एक', 'पांढरी चार' असे सांगतो. त्यासाठी ट्रान्सपोजचे बटण सगळ्यांत असते. पण सप्ताहातली पेटी जुनी असते, तिचा सूर कंपनीच्या ४४० कंपनांच्या मापाला बांधलेला नसतो. दोन आवाजांत दर सेकंदाला दोन कंपनांचा फरक असला की सेकंदाला दोनदा हेलकावा ऐकू येतो आणि वारकऱ्यांचे कान तो लगेच पकडतात. तेव्हा सगळा सूर बारीक वर-खाली करण्याची सोय पटकन हाताला लागते का, हे घेण्याआधी पाहावे. काही यंत्रांत ती सात पडद्यांच्या आत दडलेली असते. टाळकरी उभे राहिल्यावर ती शोधत बसायला वेळ नसतो.

काही यंत्रांत प्रत्येक स्वर वेगळा सरकवता येतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर कीबोर्डचा शुद्ध गंधार ४०० वर असतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार ३८६ वर. शुद्ध धैवत ९०० ऐवजी ८८४ वर गोड लागतो. एकट्या गायकामागे, तंबोरा लावून वाजवत असाल तर ही दुरुस्ती जरूर करावी. षड्ज बदलला की ती पुन्हा नव्याने लावावी लागते, हे लक्षात ठेवून. पण शेजारी पेटी असेल तर करू नये. पेटीचे गंधार कीबोर्डसारखेच चढे असतात. तुम्ही शास्त्रशुद्ध झालात तर दोघे मिळून बेसूर व्हाल. संगतीत शुद्धतेपेक्षा शेजारी मोठा.

मांडव, दालन आणि इफेक्ट

इफेक्ट युनिटविषयी विचारायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी रिव्हर्ब हवा असतो, म्हणजे घुमारा. घरी हेडफोन लावून ऐकताना तो मोहक वाटतो. पण घुमारा आधीच जागेत असतो, हे विसरून चालत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमधल्या एका खराब ऐकू येणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास करून त्याचे गणित मांडले: दालनाचे घनफळ ०.१६१ ने गुणावे आणि आवाज शोषणाऱ्या क्षेत्रफळाने भागावे, म्हणजे घुमारा किती सेकंद टिकतो ते मिळते. आपल्याकडच्या मंगल कार्यालयाला हे लावून पाहू. लांबी ३० मीटर, रुंदी १५, उंची ६. फरशी, प्लास्टर, वर पत्रा, म्हणजे आवाज शोषणारे जवळजवळ काहीच नाही. शोषण पाच टक्के धरले तर रिकाम्या दालनात घुमारा सुमारे सहा सेकंद टिकतो. तिथेच चारशे माणसे येऊन बसली की माणसांचे अंग आणि कपडे आवाज पितात आणि तो दोन सेकंदांच्या आत येतो. गणित ढोबळ आहे, पण सकाळी रिकाम्या कार्यालयात तपासलेला आवाज दुपारी वेगळा का लागतो, याचे कारण त्यात आहे. अशा जागेत आणखी रिव्हर्ब घालणे म्हणजे उसाच्या रसात साखर. मी तो शून्यावर ठेवतो. कित्येक मॉड्यूलच्या आवाजांत कंपनीने घुमारा मुळातच घातलेला असतो. तो बंद करता येतो का, हे घेण्याआधी पाहावे.

उघड्यावरची तऱ्हा निराळी. शेतातल्या मांडवात घुमारा नसतो, तिथे थोडा रिव्हर्ब चालतो. पण पडसाद उमटवणारा डिले तिथे टाळावा, कारण कर्णे लांबवर बांधलेले असतात. उन्हाळ्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. ७० मीटरवरच्या कर्ण्याचा आवाज मंचापाशी ०.२ सेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर दुगणीतली एक मात्रा पाव सेकंदाची होते. म्हणजे कर्णा जवळजवळ एक मात्रा मागे आहे. त्यात डिले मिसळला की ताल सांभाळणाऱ्याने कोणत्या आवाजाला धरायचे?

कोरस या इफेक्टने एकाच आवाजाचे दोन किंचित वेगळे आवाज करून मिसळले जातात. व्हायोलिनला तो शोभतो. पेटीच्या आवाजाला देऊ नये. दुहेरी स्वरपट्ट्यांच्या पेटीत तो हेलकावा मुळातच असतो, वर कोरस दिला की ती अकॉर्डियन होते. आणखी एक: आपल्याकडचे बहुतेक ध्वनिक्षेपक डावे-उजवे वेगळे चालवत नाहीत, दोन्ही बाजू एकत्र होतात. त्या एकत्र होताना काही आवाजांचे दोन भाग एकमेकांना खाऊन टाकतात आणि घरी भरदार वाटलेला पियानो कार्यक्रमात पोकळ होतो. म्हणून दुकानात यंत्र तपासताना एकच तार लावून ऐकावे.

राहिला विजेचा प्रश्न. लॅपटॉपमध्ये आज हजारोंच्या मॉड्यूलपेक्षा उत्तम नमुने मावतात, हे खरे आहे. पण वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या खंडानंतर मॉड्यूल काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो. लॅपटॉपची बॅटरी दगा देत नसली तरी त्याला जोडलेली बाकीची यंत्रणा पुन्हा ओळख मागते. जनरेटरच्या विजेची घरघर यूएसबीच्या तारेतून ध्वनिक्षेपकात शिरते. मिडीच्या जुन्या पाच काड्यांच्या तारेला ती बाधत नाही, कारण निरोप घेणाऱ्या टोकाला विजेचा थेट सांधा नसतो. आतला छोटा दिवा लुकलुकतो आणि समोरचा डोळा तो वाचतो. १९८३ ची ही युक्ती आजही आमच्या कामी येते. माझी सध्याची मांडणी केळीच्या दोन कॅरेटांवर उभी राहते: एक कीबोर्ड, एक मॉड्यूल, एक पेडल, दोन तारा जादा.

रिकामी जागा

बारा आवाजांच्या माझ्या यादीत काय आहे, ते आता सांगतो. पेटी आहे, पण खरी पेटी हजर नसेल तेव्हाच. तंबोरा, दोन प्रकारचे व्हायोलिन, पियानो, घुमणारा बास, भीमगीतांसाठी ब्रास, चित्रपटगीतांसाठी सिंथेसायझरचे तीन आवाज आणि घंटा. हे अकरा झाले. बारावी जागा सनईची ठेवायची, असे मी त्या लग्नानंतर ठरवले होते. यादीतली ११२ क्रमांकाची सनई नव्हे, मामांची. त्यांचा मुलगा टेम्पो चालवतो, सनई हातात धरत नाही. मामांचे वय झाले आहे. त्यांचे स्वर एकेक करून भरून घ्यावेत आणि मॉड्यूलमध्ये ठेवावेत, असा माझा विचार होता. निदान आवाज तरी राहील.

त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "भरून घे की. मग मला बोलवायचं काम न्हाई, असंच ना?" आणि हसले. मला हसता आले नाही. तरी ते आले. शाळेला सुट्टी होती, एका वर्गात सतरंज्या लावून आवाज मारला, मायक्रोफोन उभा केला. मी म्हणालो, "मामा, नुसता सा द्या. चार सेकंद. मग थांबा. मग रे."

त्यांनी सनई तोंडाला लावली. सा आला, पण खालच्या निषादावरून घसरत आला. मी थांबवले. दुसऱ्यांदा तो रिषभाला स्पर्शून आला. तिसऱ्यांदा त्यांनी सनई खाली ठेवली. "नुसता सा कसा वाजवू, बाबा? त्याच्यावर कुठून तरी यावं लागतंय की."

दुपारपर्यंत आम्ही बसलो. एकही स्वर एकटा मिळाला नाही. ध्वनिमुद्रणात प्रत्येक सा कुठून तरी आलेला आणि कुठे तरी निघालेला आहे. नमुना कापायला त्यात जागा नाही. तंत्रदृष्ट्या ते सगळे ध्वनिमुद्रण मॉड्यूलसाठी निरुपयोगी ठरले. शेवटी मी म्हणालो, "मग तुम्हाला वाटतं ते वाजवा." त्यांनी चाळीस मिनिटे वाजवले. त्यात जागोजाग त्यांचा दम ऐकू येतो. ते मी तसेच ठेवले आहे, न कापता.

पेटीने सारंगीची जागा घेतली तेव्हा कुणी तरी असाच हिशेब केला असणार, आणि कीबोर्डही एक दिवस आपल्याला आपलाच वाटू लागेल. मी कीबोर्ड सोडणार नाही. माझे पोट नसले तरी माझा जीव त्यात आहे. मुलांना मात्र आता एवढे सांगतो की प्रत्येक आवाज निवडताना विचारा, या आवाजाचा माणूस आपल्या पंचक्रोशीत जिवंत आहे का. व्हायोलिनचा ताफा अर्धापुरात कधीच नव्हता. तो डब्यातून खुशाल आणा. संबळवाला शेजारच्या गावात असेल तर त्याला आधी फोन करा.

या लग्नसराईतही एका यजमानांनी विचारले, "कॅसिओत सनई हाय ना?" मी म्हणालो, आहे, पण तिला दम लागत नाही; आणि मामांचा नंबर दिला. त्यांनी फोन केला की नाही, ते मुहूर्ताच्या दिवशी कळेल. बारावी जागा अजून रिकामी आहे.